राखणदाराची वाट

"काकी, वडे एक नंबर. रविवारी हेच करा. पंचवीस ताटं धरा, दोन-चार इकडंतिकडं."

एवढं बोलून इंगवल्यांनी वडा सांबाऱ्यात बुडवला. मी वाढता वाढता थांबले. कोल्हापूरहून घाट उतरून आलेला माणूस. गुडघ्यापर्यंतचे बूट बाहेर पायरीवर जोडीनं नीट काढून ठेवलेले, बोलणं मऊ, जेवताना मोबाइल पालथा. असा माणूस दिसला की मी पहिल्यांदा संशय घेते. इतकं चांगलं वागायला माणसाला काहीतरी कारण लागतं.

"पंचवीस माणसं येणार कुठून?" मी म्हटलं. "नदीकडच्या वाटा गावानं बंद केल्यात."

"ऐकलंय."

"फॉरेस्टच्या रस्त्यावर चर खणलाय. नदीच्या उतारावर हे एवढाले दगड टाकलेत. नदीवरच्या साकवाकडं साखळी आणि कुलूप."

"चांगलं केलंत," ते म्हणाले. "जरा कांदा द्या."

मी कांदा दिला. खानावळ चालवून एक गोष्ट मी शिकले होते. तोंडात घास असताना माणूस हवं तेवढं खोटं बोलू शकतो, पण जे विचारायला हवं ते विचारत नाही तेव्हा तो सापडतो. ज्याच्या वाटा बंद झाल्या त्यानं विचारायला हवं होतं, काकी, दुसरी कुठली आहे का? इंगवल्यांनी कांद्यावर लिंबू पिळलं.

"कोण दाखवतं हो तुम्हाला वाट?" मी सरळच विचारलं.

"दाखवायला कशाला लागते? दिसते." ते हसले, हात धुतले, बूट घातले आणि गेले.

या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. आमच्या आंबेरणात नदी घाटातून उतरते ती सरळ राईत शिरते. राई देवाची. तिथलं वाळकं पानसुद्धा कोणी घरी आणत नाही, आणि आत जायचं तर चपला बाहेर. राईच्या पोटात, नदीला लागून एक झरा आहे. त्या झऱ्याच्या पाइपावर आमची सगळी वाडी जगते. आदल्या वर्षीच्या पावसात इंगवल्यांसारख्या हौशी मंडळींच्या मोठ्या चाकांच्या गाड्या नदीत खेळायला आल्या होत्या. खेळ काय, तर चिखलात अडकायचं आणि बाहेर निघायचं. हे सुख माणसाला संसारातही मिळतं, पण असो. खेळता खेळता झऱ्याचं तोंड चाकाखाली गेलं, काठ ढासळला. दिवाळीपर्यंत नळाला लाल पाणी आलं, वाडीतली पोरं जुलाबानं आडवी झाली. जाणत्यांनी तोंड पुन्हा बांधलं, पण बांधतानाच सांगून ठेवलं होतं, आणखी एकदा चाक गेलं तर हा झरा गेला म्हणून समजा.

म्हणून तर तिन्ही वाटा बंद केल्या होत्या. तरीही त्याच आठवड्यात एक गाडी राईत येऊन गेली. सगळ्या वाडीनं तिचा आवाज ऐकला. माणसं धावली तेव्हा चर तसाच होता, दगड तसेच होते, कुलूप लागलेलं होतं.

त्याच दिवशी सांजेला देवळात बैठक बसली.

भिवाआबा गावकर खांबाला टेकून बसले होते. ते गावाचे पहिले मानकरी. नारळ पहिला त्यांचा, शब्द शेवटचा त्यांचा. गाड्यांवर त्यांचा इतका राग, की मुलानं मुंबईहून मोटारसायकल आणली तर ती त्यांनी आठ दिवस अंगणात येऊ दिली नव्हती.

"वाटो तीन," आबा म्हणाले. "तिन्ही बंद. दगड हलाक नाय, साखळी तुटाक नाय. मगे गाडी काय आभाळातसून इली?"

"हेलिकॉप्टरातसून सोडली असतली," मागून कोणीतरी पुटपुटलं. हसू पसरायच्या आत आबांनी तिकडं पाहिलं आणि ते जिरलं.

"कोणीतरी दगड सारल्यान नि परत होते तसे लायल्यान. बाहेरच्याचा ह्या काम न्हय. आपल्यातलोच कोण असा."

नाव कोणी घेतलं नाही. पण सगळ्यांच्या नजरा उल्हास धुरीवर गेल्या. उल्हास तिशीचा. पुण्यात असल्याच गाड्यांच्या सहली काढणाऱ्या एका कंपनीत तो कामाला होता. तिथलं सोडून आईजवळ परत आला, तो येताना एक जाकीट घेऊन आला. जाकिटाच्या पाठीवर भलीमोठी जीप. दुसरा रेनकोट नसल्यामुळे पावसात तेच घालायचा. समोरून माणूस काहीही सांगो, पाठ फिरवली की गाडी.

"नि आणखी एक सांगतंय," आबांचा आवाज खाली आला. "राखणदाराच्या वाटेत कोणतरी काटे टाकता."

राखणदार हा आमच्या शिवेचा देव. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, असा तो रोज गावाच्या हद्दीवरून फिरतो. वर घाटरस्त्याजवळच्या शिवेपासून राईतून खाली उतरणारी त्याची स्वतःची वाट आहे. ती अडवायची नाही. पुरुषांनी वर्षातून एकदा नारळ घेऊन जायचं, बायकांनी तिकडं फिरकायचंच नाही, आणि ती साफ ठेवायचा मान गावकरांच्या घराचा.

"मी काढून टाकतंय, दोन दिसांनी परत हजर," आबा म्हणाले. "करवंदीचे, शिकेकाईचे. जो देवाक अडवता, तो गाडयांक वाट दाखवता हेच्यात नवल काय?"

मी बायकांच्या बाजूनं बोलले. "आबानू, जेका गाडी हाडूची असा, तो काटे कित्याक टाकीत?"

"इंदू, बायकांनी ते वाटेचा नाव काढू नये."

"वाटेचा नाय काढूक. काट्यांचा काढलंय."

दोघीतिघी पदराआड हसल्या. आबा हसले नाहीत. त्यांनी निवाडा सांगितला. शनिवारी सांजेला उल्हासनं देवापुढं नारळ ठेवून शपथ घ्यायची, गाडीला वाट आपण दाखवली नाही अशी. नाही घेतली, तर येत्या शिमग्याला पालखी धुऱ्यांच्या दारात थांबणार नाही. माझ्या शेजारी उल्हासची आई, भामी, बसली होती. तिनं पदराचं टोक मुठीत धरलं, ते बैठक उठेपर्यंत सोडलं नाही. ज्या दारात पालखी थांबत नाही, त्या दारात मग शेजारीही थांबत नाहीत.

"ठेवतंय नारळ," उल्हास उठत म्हणाला. "पण मगे मी काय सांगान ता आयकाक व्हया सगळ्यांनी."

भामीनं त्याला हाताला धरून खाली बसवलं.

घरी येऊन मी माणसांची खाती उघडली. ती माझ्या मनातच असतात. उल्हासच्या नावावर पुणं होतं, जाकीट होतं, आणि हल्ली रोज सकाळी तो राईकडं जाताना दिसायचा हेही होतं. जमेला एवढंच, की आई वाढायला उठेपर्यंत तो जेवायला बसत नसे. इंगवल्यांच्या नावावर ते 'दिसते'. आणि भिवाआबांच्या नावावर काहीच नव्हतं. एक ओरखडाही नाही. इतक्या कोऱ्या खात्याचा मला नेहमीच धसका वाटतो, पण तेव्हा मी ते पान उलटलं.

शुक्रवारी सकाळी पाइपाची जाळी साफ करायच्या निमित्तानं मी झऱ्यावर गेले. झऱ्यापर्यंत बायकांना मुभा आहे. चपला काढल्या, जाळीतला पाला काढत बसले. थोड्या वेळानं उल्हास आला. डोक्यावर काट्यांचा भारा, कमरेला कोयता. मला न बघता तो वर चढला. मी मागोमाग गेले. कुठवर जायचं हे मी ठरवलं नव्हतं, पायांनी ठरवलं.

"थांब रे."

भारा त्याच्या डोक्यावरून पडायचाच राहिला. "काकी? तू हय? ह्या वाटेर बायकांनी..."

"मी वाटेर खंय असंय? मी कडेक असंय. ते काटे कोणाक? राखणदाराक?"

"इंगवल्याक," तो म्हणाला.

तेव्हा मी मान वर करून ती वाट आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. राईत दुसरीकडं चार पावलं टाकायची तर वेली हातानं बाजूला कराव्या लागतात. इथं वरपासून खालपर्यंत, झऱ्याच्या डोक्यावर येऊन थांबणारी सरळ, मोकळी वाट होती. दगड वेचलेले. दोन्ही बाजूंच्या फांद्या मापात छाटलेल्या. एक जीप आरसे न दुमडता आली असती.

"अरे, देव एकटो चलता मा?" मी म्हटलं. "मगे एवढी रुंद कित्याक? तो काय आडवो चलता?"

"काठी आडवी धरता तो. आबांकडे असा ती देवाची काठी. पावसाच्या आधी ती आडवी धरून आबा वरसून खाल चलतत. जंय टेकात थंय छाटतत."

"राईत छाटतत?"

"तेवढ्याचीच मुभा असा."

आम्ही गावानं बसून वाटा मोजल्या होत्या. माणसांच्या, गुरांच्या, फॉरेस्टच्या. ही कोणी मोजली नव्हती. विसरलो म्हणून नाही. देवाची वाट ही सुद्धा वाट असते, तिच्यावरून दुसरं कोणी येऊ शकतं, हे डोक्यातच आलं नव्हतं. माझ्याही.

"बैठकीत सांगाक काय झाल्ला?"

"काय सांगू? आबांच्या मानातसून गाडयो येतत म्हणान? पाठीर जीप घेवन फिरतंय मी, काकी. माझा कोण आयकतलो? म्हणान काटे टाकतंय. नि दोन दिसांनी बघूक येतंय तर वाट परत चक्क साफ."

तो भारा सोडू लागला. मी खाली बघत उभी राहिले. ओल्या मातीवर खराट्याच्या रेषा होत्या, दाट आणि ताज्या. अंगणसुद्धा कोणी इतकं घासून झाडत नाही. वाटेच्या कडेला एका जांभळीची मुळं वर आली होती. त्यांच्या बेचक्यात खराटा पोचला नव्हता. तिथं मातीत एक नक्षी उमटलेली होती. खोल, चौकटीचौकटींची. चाकाची.

"वाट कोण झाडता?" मी विचारलं.

"आबाच. दुसऱ्या कोणाक हात लावक देतत?"

उल्हास काटे पसरत राहिला. मी त्याला ती नक्षी दाखवली नाही. ज्यानं एवढी वाट झाडली, त्याच्या खराट्याखालून बाकीची चाकं गेली होती. म्हणजे ती त्यानं पाहिली होती. पाहिली, पुसली, आणि सांजेला देवळात येऊन विचारलं, गाडी काय आभाळातून आली?

घरी येताना मी त्या कोऱ्या खात्यावर काहीबाही लिहून पाहिलं. इंगवल्यांनी आबांना काय दिलं असेल? आबांच्या घराची कौलं जुनी, पण ती बदलायला मुलगा मागं लागलेला, आबाच नको म्हणतात. दारू नाही, तंबाखू नाही. ज्याला काही नकोच आहे त्याला विकत कसा घ्यायचा? मला कळेना, म्हणून मी फणसाची भाजी केली आणि दुपारी एक वाडगा घेऊन गावकरांच्या घरी गेले.

आबा ओटीवर बसून माडाच्या हिरांचा खराटा बांधत होते.

"नवो?" मी पायरीवर बसत विचारलं.

"जुनो झिजलो."

"लवकर झिजलो."

ते दोरी आवळत राहिले.

"आज झऱ्यार गेल्लंय आबानू. तुमच्या खराट्यान एक जागा सोडल्यान. मुळांच्या बेचक्यात."

त्यांचे हात थांबले. कुठल्या मुळांच्या, असं त्यांनी विचारलं नाही.

"तू थंय गेल्लंस?" ते म्हणाले.

"पाय घसारलो."

"वर घसारलो?"

"माझो घसारता तसो." मी वाडगा त्यांच्यापुढं सरकवला. "इंगवल्यान काय दिल्यान तुमका?"

त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, की तो प्रश्न मला परत घ्यावासा वाटला. "माका? देवाची वाट इकूक?"

"मगे चाकां झाडलात कित्याक?"

आबा अंगणात बघत बसले. परड्यात वाऱ्यानं केळीची पानं फडफडत होती. मला वाटलं, आता हा माणूस उठून आत जाईल आणि जन्मभर माझ्याशी बोलणार नाही.

"गेल्या पावसात पयल्यांदा बघलंय," ते म्हणाले. "नारळ ठेवतंव त्या दगडाच्या कुशीसून गेल्ली चाकां. मी थंयच बसलंय. म्हटलंय, आता बघ. हेची गाडी उलाटतली, तेचो पाय मोडतलो. राखणदार सोडूचो नाय. वाट बघलंय, इंदू. आज आयकान, उद्या आयकान. कोणाक काय एक झाला नाय. उलट तुझ्याकडे जेवन, ढेकर देवन गेले."

ढेकर मी ऐकले होते.

"लोकांनी ती चाकां बघल्यानी असती, तर काय म्हटल्यानी असता? तेच्या नाकार गाडी गेली नि तो गप रवलो? राखणदार म्हातारो झालो?" त्यांनी हातातल्या हिरांकडं पाहिलं. "झाडून टाकलंय. परवा परत इली, परत झाडलंय."

"नि उल्हास?"

"देवान गाडी सोडली असा कसा म्हणू? कोणतरी माणसानच दाखवली असतली."

"म्हणजे देवाची अब्रू ऱ्हवची म्हणान भामीच्या दारातली पालखी काढलात."

मी उठले. पायरी उतरताना मागून आवाज आला, "वाडगो संध्याकाळी धाडतंय." मानकऱ्याचं बोलणं तिथं संपलं. त्याचा अर्थ होय की नाही, हे मला रस्ताभर कळलं नाही.

शनिवारी सांजेला सगळं गाव देवळात जमलं. उल्हास आंघोळ करून, जाकीट न घालता, हातात नारळ घेऊन उभा होता. भामी त्याच्या मागं. आबा आले नाहीत. गुरव त्यांना बघायला गेला आणि परत येऊन म्हणाला, "घराक कडी असा. हाक मारलंय, कोण ओ देना नाय."

लगेच कुजबुज सुरू झाली. एक म्हणाला, आबांना उल्हासचं तोंडही बघायचं नाही. दुसरा म्हणाला, देवानंच त्यांना येऊ दिलं नाही, कौल उघड आहे. वाडगाही आलेला नव्हता. माझ्या मनात आलं, आबा मुंबईला मुलाकडं निघून गेले. गावाला तोंड दाखवण्यापेक्षा ते त्यांना सोपं होतं. मी तोंड उघडलं असतं तर आबांची गोष्ट मला सांगावी लागली असती, आणि आबा समोर नसताना ती कोणी खरी मानली नसती. भामीनं मुलाच्या हातातला नारळ काढून आपल्या पदराखाली घेतला. "उद्या ठेवया," ती म्हणाली, कोणाला ते कळलं नाही.

पुरुषांनी ठरवलं, उद्या तिन्ही वाटांवर पहारा द्यायचा.

"तुमी तीन वाटांर ऱ्हवा," मी म्हटलं. "आमी बायका झऱ्यार बसतंव. पाणी आमीच भरतंव, आमीच राखतंव." याला कोणाची हरकत असायचं कारण नव्हतं. उल्हासला मी देवळाच्या पायरीवर गाठून म्हटलं, "सकाळी काटे जास्त हाड. एका भाऱ्यान भागाचा नाय."

रविवारी पहाटे उठून मी पंचवीस ताटांचं सांबारं चुलीवर चढवलं. ऑर्डर घेतली होती. जेवायला नाही म्हणणं वेगळं, वाटेला नाही म्हणणं वेगळं. मग सुनेला चुलीपाशी बसवून झऱ्यावर गेले. वाडीतल्या सगळ्या जणी आल्या होत्या. ऊन राईत उतरेपर्यंत नुसता नदीचा आवाज. आणि मग वरून, पहारा नव्हता त्या बाजूनं, इंजिनांची घरघर. एक, दोन, मग मोजता येईना.

"राखणदाराच्या वाटेसून," कोणीतरी म्हणालं आणि जीभ चावली.

घरघर खाली खाली आली आणि मध्येच थांबली. हॉर्न वाजले. मग तेही थांबले. वाटेचं नाव एकीनंही काढलं नाही, पाय मात्र सगळ्यांचे तिकडंच वळले.

वाटेवर आडवं एक कुंपण उभं होतं. बांबूच्या काट्यांचं, पुरुषभर उंच, या झाडापासून त्या झाडापर्यंत. ती आबांच्या परड्याची वई होती. मी ओळखली, कारण तिच्यात त्यांच्या दोडक्याचे वेल अजून गुंतलेले होते. आदला सबंध दिवस त्यांनी आपलं परडं उघडं करून ती इथं वाहून आणली होती. उल्हास भारा टाकून एका बाजूला उभा होता. तोही आमच्याइतकाच चकित दिसत होता. आणि वईच्या पलीकडं, गाड्यांच्या तोंडासमोर, भिवाआबा. खांद्यावर घोंगडी. हातात लांब, तेलानं काळी झालेली काठी, आडवी धरलेली. काठीची दोन टोकं वाटेच्या दोन कडांना बरोबर टेकत होती. पहिल्या गाडीची रुंदी तिच्यापेक्षा वीतभरच कमी होती.

इंगवले खाली उतरले होते. त्यांनी बूट काढून गाडीत ठेवले होते, मोजेसुद्धा.

"आजोबा, वर शिवेवर देवाला नारळ वाढवूनच आलोय," ते म्हणाले. "शिस्तीत जाऊ. एक पान पडणार नाही."

"मागे जावा."

"वाट उघडीच असते की ही कायम."

"आजपासून नाय."

"कुणाची आहे वाट?"

"देवाची."

"मग देवाची वाट तुम्ही कशी बंद करणार, आजोबा?" इंगवल्यांनी हे अगदी मऊपणे विचारलं. चिडून विचारलं असतं तर आबांना बरं पडलं असतं.

तिन्ही वाटांवरचे पुरुष तोवर धावत आले होते. सगळं गाव वईच्या अलीकडं उभं होतं.

"वाट देवाची," आबा म्हणाले. पाठ आमच्याकडं असली तरी आवाज आमच्यासाठी होता. "उघडी मी ठेवलंय. वर्सानवर्स, हे काठयेन मापून. तुमच्या गाडयेच्या मापाची होयपर्यंत माका कळला नाय. कळला तेवा चाकां झाडून टाकलंय, गावाक दिसाक नको म्हणान. तुमका कोणी दाखवूक नाय. मी दाखवलंय."

माझ्या शेजारी भामी होती. तिचा हात पदराखालच्या नारळावर गेला.

"तुम्हीही नाही हो दाखवलीत," इंगवले म्हणाले. मला वाटतं, त्यांना खरोखरच म्हाताऱ्याचं ओझं कमी करायचं होतं. "वरून दिसते. मोबाइलवर बघा ना, उपग्रहाचा फोटो. सगळं हिरवंगार, आणि मधून भांग पाडल्यासारखी ही." त्यांनी मोबाइल पुढं केला. आबांनी पाहिलं नाही.

मागच्या गाडीतल्या एका गड्यानं काचेतून डोकं काढलं. "सर, काटेच आहेत नुसते. घालतो मी पुढं."

इंगवल्यांनी वईकडं पाहिलं. तिच्यापुढच्या माणसाकडं पाहिलं. मग आमच्याकडं. आमच्यातल्या दोघीतिघींनी मोबाइल वर धरले होते. ते त्यांच्या लक्षात आलं, आणि ते लक्षात आलेलं माझ्या. एक हिशेबी माणूस दुसऱ्याला लांबूनही ओळखतो.

"रिव्हर्स घ्या," ते म्हणाले.

वाट एका गाडीच्या मापाची, त्यामुळे वळायला जागा कुठंच नव्हती. सगळी रांग उलटी, चढावर, मातीवरून घसरत गेली. राईत करपलेल्या क्लचचा वास भरला. एक गाडी कडेला कलंडली, ती काढायला बाकीच्यांना चिखलात उतरावं लागलं. दुपारी ही सगळी मंडळी मोठ्या रस्त्यानं वळसा घालून माझ्याकडं जेवायला आली आणि पोटभर जेवली. "काकी, तुम्हाला माहीत होतं?" असं इंगवल्यांनी विचारलं, तेव्हा मी त्यांना आणखी दोन वडे वाढले.

पण ते दुपारचं. आधी, शेवटच्या गाडीचा आवाज विरल्यावर, आबांनी काठी खाली टेकली आणि वईला वळसा घालून अलीकडं आले. गुडघ्यापर्यंत पाय काट्यांनी ओरबाडलेले. ते उल्हाससमोर थांबले. आम्ही सगळे वाट बघत होतो, आता काय म्हणतात.

"खालच्या अंगाक फट असा," आबा म्हणाले. "काटे हाडलेले असत मा रे तुझे?"

"असत."

"घाल थंय."

उल्हासनं भारा सोडला. भामीनं पदराखालचा नारळ काढला, क्षणभर हातात तोलला, आणि तिथंच एका दगडावर ठेवला. बायकांनी त्या वाटेवर येऊ नये हे त्या घटकेला कोणालाच आठवलं नाही. आठवलं असलं तरी कोणी बोललं नाही.

आबा जांभळीच्या मुळावर बसले. मग गुरव पुढं झाला. इतका वेळ तो वईकडंच बघत होता. सगळ्यांच्या मनातलं विचारायचं धैर्य त्याला झालं, कारण देवाची सेवा त्याच्याकडं.

"आबानू," तो म्हणाला, "गाडयो गेल्यो ता बरा झाला. पण ही वई काय आता काढूची नाय?"

"नाय."

"फांदयो छाटूच्यो नाय?"

"नाय. येवंदेत."

"मगे राखणदार खंयसून चलतलो?"

आबांनी वर पाहिलं. स्वतःच्या हातानं मापात छाटलेल्या फांद्यांना पावसानं कोवळे फुटवे आले होते, वाटेच्या आत झुकलेले.

"देव असा तो," आबा म्हणाले. "वाकान जायत."